व्यायाम करताना हृदयाचे ठोके आणि रक्तप्रवाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनगटावरच्या घड्याळांमुळे लोक स्वतःच्या हृदयाचे ठोके बघायला लागले, हे चांगलंच झालं. पण घड्याळ आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. मग रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणारा एक जण १६५ बघून घाबरतो, आणि बरोबरच्या मित्राचे १३० बघून आपलंच काहीतरी बिघडलंय असं धरून चालतो. खालची उत्तरं निरोगी प्रौढ माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. औषधं चालू असलेल्यांसाठी आणि हृदयविकार असलेल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. व्यायामात हृदय मालक नसतं. मागणी स्नायूंची असते, रक्तदाब पडू द्यायचा नाही हा मेंदूचा हट्ट असतो, आणि या दोघांच्या ओढाताणीतून जो आकडा निघतो तो म्हणजे तुमचे ठोके.

बसून असताना हृदय किती रक्त फिरवतं आणि जोरात पळताना किती?

स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण ७० ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. म्हणजे मिनिटाला ५ लिटरच्या आसपास. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे बसल्या बसल्या सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. तोच माणूस दम लागेपर्यंत पळाला, तर ठोके १९० पर्यंत आणि प्रत्येक ठोक्याचं रक्त ११० मिलिलिटरपर्यंत जाऊ शकतं. गुणाकार येतो २१ लिटर, आणि फेरी १५ सेकंदांच्या आत पूर्ण होते. लांब पल्ल्याचे जागतिक दर्जाचे खेळाडू ३५ ते ४० लिटरपर्यंत पोचतात.

आता गंमत बघा. बसलेलं असताना शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, आणि जोरात पळताना हा आकडा ३ लिटरपर्यंत जातो. म्हणजे १२ पट. पण रक्त वाढलं फक्त ४ पट. उरलेली ३ पट कुठून आली? ती स्नायूंनी रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतला त्यातून आली. आरामात असताना १०० मिलिलिटर रक्तातला ५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरला जातो आणि बाकीचा तसाच परत येतो. पूर्ण जोरात असताना १५ च्या आसपास वापरला जातो. हा हिशोब मांडण्याची रीत जर्मन शरीरशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये दिली आणि आजही ती तशीच वापरतात.

आणखी एक. ठोक्यामागचं रक्त मध्यम जोराच्या व्यायामापर्यंतच वाढतं. त्यापुढे बहुतेकांमध्ये ते तिथेच थांबतं आणि सगळी वाढ ठोक्यांवर येते.

पाऊल उचलण्याआधीच ठोके का वाढतात?

शर्यतीच्या रेषेवर उभं राहिलेल्या कुणाचीही नाडी बघा, ती आधीच धावायला लागलेली असते. त्यात भीती आणि उत्सुकता आहेच, पण तेवढंच नाही. मेंदूतून स्नायूंना हालचालीचा हुकूम निघतो तेव्हा त्याचीच एक प्रत हृदय आणि श्वास सांभाळणाऱ्या केंद्रांकडे जाते. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. व्यायाम सुरू झाल्यावर ठोके आणि श्वास इतक्या झटकन वाढतात की स्नायूंतून रक्तावाटे काही निरोप यायला वेळच मिळालेला नसतो, असं त्यांच्या लक्षात आलं.

हे इतक्या चटकन होतं ते ब्रेक सुटल्यामुळे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. त्याला कुणी हात लावला नाही तर तो स्वतःच्या मर्जीने मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. आपले ६० किंवा ७० दिसतात, कारण व्हेगस नावाची चेता त्याला दिवसभर दाबून धरत असते. व्यायाम सुरू होताच हा दाब सैल होतो, आणि पुढचाच ठोका लवकर पडतो. साधारण १०० पर्यंतची वाढ मुख्यतः अशी येते. त्यापुढे अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारं चेतांचं जाळं, कामाला लागते: तिच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिन सुटतं आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात येतं. या दोघांनी ठोके तर वाढतातच, पण प्रत्येक ठोका जोरकसही होतो. ही वाढ सावकाश येते आणि सावकाशच ओसरते.

पायांना रक्त कमी पडतंय हे वर कळतं कसं?

स्नायूंमधल्या बारीक चेता दोन प्रकारच्या बातम्या पाठवतात. काही ताण आणि दाब ओळखतात, काही स्नायूत साचत जाणारी रसायनं ओळखतात. ही दुसरी बातमी किती जोरदार असते, ते आलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये दाखवलं. त्यांनी माणसांना स्नायूंचा व्यायाम करायला लावला आणि त्याच वेळी पट्टा आवळून त्या अवयवाचा रक्तप्रवाह बंद ठेवला. रक्तदाब वाढला, हे अपेक्षितच होतं. पण व्यायाम थांबल्यावरही पट्टा सोडेपर्यंत तो चढलेलाच राहिला. मेंदूचा हुकूम संपला होता, हालचाल संपली होती; अडकून पडलेली रसायनं तेवढी तक्रार करत होती.

मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत रक्तदाबावर नजर ठेवणारे संवेदक असतात. एरवी दाब वाढला की ते ठोके कमी करायला लावतात. मग व्यायामात दाब वाढल्यावर ते आडवे का येत नाहीत? कारण मेंदू त्यांचं लक्ष्यच वर सरकवतो. ते कामावर असतात, फक्त १२० ऐवजी १६० ला ठीक म्हणतात.

कुठल्या अवयवाला किती रक्त जाणार हे कोण ठरवतं?

माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत रंगतदार भाग आहे, आणि घड्याळ त्यातलं काहीच दाखवत नाही.

धमन्या बारीक होत होत केशवाहिन्यांपाशी पोचतात. त्याच्या जरा आधी अतिशय बारीक धमनिका असतात, आणि त्यांच्या भिंतीत आकुंचन पावणारा स्नायू असतो. पेठेत पाणी सोडणारा माणूस चावी फिरवून एका गल्लीचं पाणी कमी करतो, दुसरीचं वाढवतो. सगळ्या चाव्या एकदम उघडल्या तर कुणाच्याच नळाला धार येणार नाही. धमनिका नेमकं हेच काम करतात.

आरामात असताना स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताच्या १५ ते २० टक्के येतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम १ लिटर. जोराच्या व्यायामात हा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे जातो. हे रक्त येतं कुठून? मोठा भाग हृदयाने वाढवलेल्या प्रवाहातून, आणि थोडा इतरांच्या तोंडचा काढून. आतडी आणि यकृत यांना एरवी मिनिटाला साधारण दीड लिटर मिळतं, मूत्रपिंडांना १ लिटरहून थोडं जास्त. अनुकंपी चेतासंस्था तिथल्या धमनिका आवळते आणि कष्ट जसजसे वाढतील तसतसा या दोघांचा वाटा घटतो. मेंदूला मात्र हात लावला जात नाही. त्याचे मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर कायम राहतात, किंवा थोडे वाढतात.

पण नॉरॲड्रिनॅलिन तर सगळीकडेच सुटतं. मग पळणाऱ्या मांडीतल्या धमनिका का आवळल्या जात नाहीत? कारण काम करणारा स्नायू तो हुकूम जुमानत नाही. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, पोटॅशियम आणि ॲडेनोसिन बाहेर पडतं, वाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि ऑक्सिजन देऊन टाकलेल्या तांबड्या पेशीसुद्धा एटीपी हे पेशींचं ऊर्जेचं रसायन सोडून वाहिनीला सैल करतात. इतके सगळे मिळून वरून आलेला आवळण्याचा हुकूम स्थानिक पातळीवर बोथट करतात. १९६२ मध्ये अमेरिकेत रेमेनस्नायडर, मिशेल आणि सार्नोफ यांनी ही गोष्ट मांडली. या सगळ्या रसायनांपैकी कुणाचा हात किती, यावर अजून वाद चालू आहे, आणि एकाला अडवलं की दुसरा त्याची जागा घेतो, त्यामुळे तो लवकर मिटेल असं वाटत नाही.

हुकूम पूर्णपणे धुडकावला जात नाही, हेही बरंच आहे. कोपनहेगनमध्ये आंदेर्सन आणि साल्टिन यांनी १९८५ मध्ये माणसाला फक्त एकाच पायाच्या मांडीचा पुढचा स्नायू वापरायला लावून त्यातला रक्तप्रवाह मोजला. तो निघाला किलोमागे मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास. आता हिशोब करा: अंगातले ३० किलो स्नायू एकाच वेळी एवढं रक्त मागायला लागले तर ७५ लिटर लागतील. एवढं रक्त देणारं माणसाचं हृदय जन्माला आलेलं नाही. म्हणून हातपाय सगळे एकदम राबायला लागले की राबणाऱ्या स्नायूंच्या धमनिकाही थोड्या आवळून धराव्या लागतात. तसं केलं नाही तर रक्तदाब कोसळेल आणि माणूस आडवा होईल.

जेवल्यावर लगेच व्यायाम का करू नये म्हणतात?

पोटाला पचनासाठी रक्त हवं, पायांना पळण्यासाठी हवं. चालायला हरकत नाही. जेवणानंतर सावकाश चालण्याने रक्तातली साखर उतरायला मदतच होते. जोरात पळलात तर मळमळेल, पोटात कळ येईल. ज्यांना हृदयाच्या वाहिन्यांचा त्रास आहे त्यांना भरल्या पोटी चढ चढताना छातीत लवकर दुखतं, त्यांनी मात्र थांबावं.

खाली पायात गेलेलं रक्त वर चढतं कसं?

हृदयाकडे जेवढं रक्त परत येईल तेवढंच ते पुढे ढकलू शकतं. हे वाक्य साधं वाटतं, पण व्यायामाचं निम्मं गणित त्यात आहे. अंगातलं साठ ते सत्तर टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. शिरांच्या भिंती पातळ, दाब नगण्य. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं; स्नायू सैल झाला तरी झडपांमुळे ते खाली येत नाही. शिरांतल्या या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट दाबून दाखवून दिलं. प्रयोग इतका सोपा की घरी करून बघता येतो.

खोल श्वासाचीही यात मदत होते. छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, आणि रक्त वर ओढलं जातं. शिवाय अनुकंपी चेता शिरांनाही आवळतात, म्हणजे तिथे पडून असलेला साठा चलनात येतो. हृदय जास्त भरलं की त्याचा स्नायू जास्त ताणला जातो आणि पुढचा ठोका आपोआप जोरदार पडतो. त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही.

पळून झाल्यावर एकदम उभं राहिलं की चक्कर का येते?

वरच्या उत्तराची ही उलटी बाजू. पायातल्या वाहिन्या अजून सताड उघड्या आहेत, पण पोटऱ्यांचा पंप अचानक बंद पडला. रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी येतं, दाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी. शर्यतीची अंतिम रेषा ओलांडून काही जण कोसळतात, त्यात हे कारण बऱ्याचदा असतं. पाच-दहा मिनिटं चालत राहा. चक्कर आलीच तर बसू नका, आडवं होऊन पाय वर करा. मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटायला हवं. पळणं संपल्यावर लगेच कढत पाण्याने आंघोळ करणंही टाळा, कारण त्वचेतल्या वाहिन्या आणखी उघडतात. आणि एक फरक लक्षात ठेवा: पळणं *थांबल्यावर* चक्कर येणं बहुधा किरकोळ असतं. पळता *पळता* शुद्ध हरपणं किरकोळ नसतं.

२२० वजा वय हे सूत्र खरं आहे का?

अंदाजापुरतं. १९७१ च्या सुमाराला फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या एका लेखात हे पुढे आलं. खास यासाठी कुणी प्रयोग केला नव्हता. उपलब्ध आकड्यांवरून मारलेली ती ढोबळ रेघ होती. तोंडी हिशोब करता येतो म्हणून ती जगभर पसरली आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर जाऊन बसली. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं.

चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० च येतं. साठीला जुनं सूत्र १६० सांगतं आणि नवं १६६. सत्तरीला फरक ९ ठोक्यांवर जातो. पण खरा मुद्दा हा फरक नाहीच. कुठलंही सूत्र घ्या, खरा आकडा त्यापेक्षा १० ठोके वर किंवा खाली असणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि काहींमध्ये २० चाही फरक पडतो. पन्नाशीच्या दोन निरोगी माणसांपैकी एकाची कमाल १५५ आणि दुसऱ्याची १९० असू शकते. सुरुवातीला ज्याचे १६५ बघून जीव घाबरला होता, तो कदाचित दुसऱ्या प्रकारातला.

वयानुसार ही कमाल घटते, कारण सायनस नोडचा स्वतःचा वेग मंदावतो आणि ॲड्रिनॅलिनला त्याचा प्रतिसादही कमी होतो. व्यायामाने कमाल वाढत नाही. वाढतं ते ठोक्यामागचं रक्त.

म्हणूनच खेळाडूंचे ठोके इतके कमी असतात का?

हो. महिनोन्महिने पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाचं हृदय थोडं मोठं होतं, जास्त भरतं, आणि अंगातलं रक्तही वाढतं. एका ठोक्याला १०० मिलिलिटर जात असतील तर ५ लिटरसाठी ५० ठोके पुरतात. व्हेगसचा दाब वाढतो असं पूर्वीपासून सांगतात; सायनस नोडच्या पेशीतही बदल होतो असं अलीकडच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. स्त्रियांचं हृदय सरासरीने लहान असतं, म्हणून तोच वेग, तोच चढ, पण ठोके थोडे जास्त. यात दुबळेपणा काही नाही.

उलट दिशेने हे किती चटकन होतं? अमेरिकेत डॅलस इथे १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घटली, आणि त्याचं मुख्य कारण ठोक्यामागचं रक्त कमी होणं हे होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून मोजलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी नेली होती. फ्रॅक्चर, बाळंतपण, टायफॉइड यांच्यानंतर जिना चढताना छाती का धडधडते, हे विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

व्यायामात रक्तदाब वाढतो, मग तो धोक्याचा नाही का?

चालणं, पळणं, सायकल यांत वरचा आकडा १२० वरून १८० ते २०० पर्यंत जाणं स्वाभाविक आहे. खालचा आकडा जागेवर राहतो किंवा थोडा उतरतो, कारण स्नायूंतल्या वाहिन्या उघडलेल्या असतात. व्यायाम संपल्यावर काही तास दाब नेहमीपेक्षा कमीच राहतो, आणि नियमित व्यायामाने एकूणच उतरतो.

वजन उचलण्याची गोष्ट वेगळी. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून बंद करतो, त्यात माणूस श्वास रोखून कुंथतो. कॅनडातल्या मॅकडुगल यांच्या गटाने १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून दाब मोजला. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० निघाली, आणि एकाचा दाब ४८०/३५० च्याही पुढे गेला. तरुण, निरोगी माणसं होती, क्षणभराचा दाब होता, निभावलं. पण उच्च रक्तदाब असलेल्याने जिममध्ये पहिल्याच आठवड्यात कमाल वजन आजमावू नये. हलकं वजन, जास्त वेळा, आणि उचलताना श्वास सोडत राहायचं.

हृदयाला स्वतःला रक्त कधी मिळतं?

ठोक्याठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. आकुंचन पावताना हृदयाचा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबतो, विशेषतः डाव्या बाजूला. मिनिटाला ६० ठोके असताना एक ठोका १ सेकंदाचा, त्यातला मोठा भाग विसाव्याचा. १८० ला पूर्ण ठोका एक तृतीयांश सेकंदात आटपतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः विसाव्याला.

अडचण आणखी एक आहे. पायाचा स्नायू आरामात असताना रक्तातला थोडाच ऑक्सिजन घेतो, गरज पडली तर जास्त ओढतो. हृदय मात्र आरामातही ७० ते ८० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्त आणणं एवढाच मार्ग उरतो: मिनिटाला साधारण २५० मिलिलिटरवरून १ लिटरपर्यंत. वाहिनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली असेल तर बसलेलं असताना काहीच कळत नाही, आणि चढावर छाती आवळल्यासारखी वाटते. ट्रेडमिल टेस्ट, जिला सगळे टीएमटी म्हणतात, ती याचाच शोध घेते. रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात आणि ईसीजीकडे बघत राहतात. टीएमटी चांगली आली म्हणजे वाहिन्या स्वच्छ आहेत असा दाखला मिळत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

त्याच वाटेवर, त्याच वेगाने, मे महिन्यात ठोके जास्त का?

उष्णता बाहेर टाकायला त्वचेला रक्त लागतं. फार उष्ण वातावरणात एकट्या त्वचेकडे मिनिटाला ६ ते ८ लिटर जाऊ शकतं. स्नायूंची मागणी तशीच, वर त्वचेची भर, आणि घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं. ठोक्यामागचं रक्त घटतं, म्हणून ठोके वाढवून भरपाई केली जाते. तासभर एकाच वेगाने पळताना शेवटी शेवटी ठोके आपोआप १०-१५ ने वर सरकतात, ते याचमुळे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, पहाटे सुरू होते, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि पेडर रोडच्या चढावर परत येताना हे जाणवतंच. उन्हाळ्यात ठोक्यांचा आकडा सांभाळायचा असेल तर वेग कमी करावा लागतो. दुसरा उपाय नाही.

आणि उंचीवर?

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजनचा दाब कमी, त्यामुळे पहिले काही दिवस हॉटेलचा जिना चढतानाही ठोके पुण्यापेक्षा जास्त. सिंहगड किंवा कळसूबाईला (१६४६ मीटर) मात्र उंचीला दोष देऊ नका, तिथे चढाचाच प्रताप असतो.

घड्याळ बरोबर दाखवतं का?

बसलेलं असताना बहुतेक वेळा हो. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताच्या लाटेने तो किती शोषला जातो ते मोजतं. हात हलला, पट्टा सैल असला, थंडीने वाहिन्या आवळल्या की गडबड होते. पळताना कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलांची लयच मोजतं. ठोके बराच वेळ १७० च्या आसपास चिकटून बसले आणि तुम्ही आरामात गप्पा मारत असाल, तर हा संशय घ्या. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो, तो जास्त भरवशाचा. फुकटचा उपाय म्हणजे मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. मानेवर मोजायचं तर हलक्या हाताने, एकाच बाजूला. जोरात दाबलं तर तिथले दाबाचे संवेदक फसतात आणि ठोके खरोखरच कमी होतात.

बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. ठोके वाढतच नाहीत. काय करावं?

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल या गोळ्या ॲड्रिनॅलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतात, तेच त्यांचं काम. सूत्राने काढलेला आकडा तुमच्यासाठी निरुपयोगी आहे, त्याचा पाठलाग करू नका. बोलून बघा: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम जोराचा झाला. दोन-तीन शब्दांवर दम तुटत असेल तर तो जोराचा. व्यायामासाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ते धोक्याचं आहे.

हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे ठोके व्यायामात वाढतात का?

वाढतात, पण उशिरा. दात्याच्या हृदयाच्या चेता कापलेल्या असतात. व्हेगसचा ब्रेक नाही, म्हणून बसलेलं असतानाच ठोके ९० ते ११०. चालायला लागल्यावर पहिली काही मिनिटं ते फारसे हलत नाहीत, आणि काम चालतं ते परत येणाऱ्या जास्तीच्या रक्ताने हृदय जास्त भरून. मग रक्तातून ॲड्रिनॅलिन पोचतं तसे ठोके चढतात. थांबल्यावरही बराच वेळ चढलेले राहतात. काहींमध्ये पुढच्या वर्षांत चेता थोड्याफार पुन्हा वाढतात. निसर्गाने कधी करून दाखवला नसता असा हा प्रयोग. भारतात तो पहिल्यांदा करून बघितला गेला मुंबईत: ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला पहिलं प्रत्यारोपण केल्यावर दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण त्यानंतर २६ वर्षांनी, १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं.

योगी हृदय थांबवू शकतात म्हणतात, ते खरं का?

वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ मध्ये असा दावा करणाऱ्यांना ईसीजी लावून तपासलं. छाती आणि पोटाचे स्नायू आवळून, श्वास रोखून छातीतला दाब इतका वाढवला जात होता की हृदयाकडे रक्त येणं कमी होऊन मनगटाची नाडी लागेनाशी व्हायची. ईसीजीवर हृदय चालूच होतं. सावकाश श्वासाने ठोके थोडे कमी करता येतात, ते मात्र खरं आहे आणि त्यात गूढ काही नाही: श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो.

थांबल्यावर ठोके किती लवकर उतरायला हवेत?

पहिल्या मिनिटातली घसरण म्हणजे व्हेगस किती चपळाईने परत कामाला लागते त्याची खूण. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९९ च्या अभ्यासात, ट्रेडमिल चाचणीनंतर हळू चालत राहून पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमीच ठोके उतरलेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं. निरोगी माणसाचे सहज २० ते ३० उतरतात. एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका. झोप, ताप, चहा-कॉफी, ऊन सगळ्यांचा परिणाम होतो. महिनाभराचा कल बघा.

व्यायाम करताना केव्हा थांबायचं?

घड्याळात मोठा आकडा दिसला एवढ्यावरून नाही. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, दुखणं जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत जाणं, नेहमीच्या चढावर अचानक नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम, शुद्ध हरपल्यासारखं होणं, थांबल्यावरही ठोके वेडेवाकडे पडत राहणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये छाती न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा गळून जाणं एवढंच दिसू शकतं, आणि ते ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं जातं. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन करा. गडावर असाल तर चालत खाली उतरायचा प्रयत्न करू नका, आणि पायथ्याशी असाल तर स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.